बोटीवरच्या बॅटरीसाठी पवनचक्की की सोलर पॅनेल?

शिडाच्या बोटीवर नांगर टाकून राहणाऱ्याला इंजिन न लावता फ्रीज, दिवे आणि वायरलेस चालवायचे असतील, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय उरतात. पवनचक्कीबद्दल मला ममत्व असले, तरी बहुतेकांनी आधी सोलर पॅनेल बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण वाऱ्याच्या गणितात आहे. वाऱ्यातून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यासाची पवनचक्की १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्यात १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण ७ अँपिअर देते, १० नॉटला जेमतेम २ आणि ५ नॉटला जवळजवळ काहीच नाही. शिवाय नांगर टाकण्यासाठी आपण आडोशाचीच जागा शोधतो, आणि हवामानाच्या अंदाजात सांगितलेला वेग मोकळ्यावरचा, १० मीटर उंचीवरचा असतो. पाठवाऱ्याने प्रवास करतानाही हाच तोटा होतो: वारा १५ नॉट आणि बोट ६ नॉट असेल, तर पात्यांना ९ नॉटच वारा लागतो.

याउलट १०० वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ३० अँपिअर-तास (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर प्रवाह तासभर) देते, आवाज करत नाही आणि त्यात फिरणारा एकही भाग नसतो. त्याचे दुखणे म्हणजे सावली. डोलकाठीची किंवा एखाद्या दोराची बोटभर रुंदीची सावली पॅनेलवर आडवी पडली, तरी ॲमीटरचा (प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचा) काटा झाकल्या गेलेल्या भागाच्या मानाने कितीतरी अधिक खाली येतो. त्यामुळे पॅनेल कुठे बसवायचे, हा प्रश्न ते किती वॉटचे घ्यायचे याइतकाच महत्त्वाचा आहे. उच्च अक्षांशांवर हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि सूर्य क्षितिजाजवळून फिरतो; तिथे पॅनेल फारच कमी पडते. त्याच दिवसांत वारा मात्र रात्रंदिवस वाहत असतो, आणि १५ नॉटचा वारा चोवीस तास टिकला तर पवनचक्की दीडशेहून अधिक अँपिअर-तास भरते. एवढ्यासाठी अनेक पॅनेले लागतील, आणि लहान बोटीवर तेवढी जागाच नसते.

आवाजाचा विचार खरेदीपूर्वीच करावा. पात्यांची घरघर खांबातून डेकमध्ये उतरते आणि मागच्या केबिनमध्ये उशीला डोके टेकताच ऐकू येते. रबरी बैठकीने ती कमी होते, पण पूर्णपणे जात नाही. खांब एवढा उंच असावा की डेकवर उभ्या माणसाचा वर केलेला हात पात्यांपर्यंत पोहोचू नये. फिरत्या पात्याची इजा गंभीर असते, म्हणून यात कसलीही तडजोड नको.

जोडणीतही मोठा फरक आहे. बॅटरी भरली की सोलरचा कंट्रोलर, म्हणजे चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारे उपकरण, पॅनेलकडून येणारा प्रवाह थांबवू शकतो आणि त्याने पॅनेलचे काही बिघडत नाही. पवनचक्कीचा भार, म्हणजे तिची वीज घेणारी बॅटरी, मात्र चक्की चालू असताना अचानक तुटला, तर पाती बेफाम फिरू लागतात आणि व्होल्टेज चढते. म्हणून जास्तीची वीज उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर आणि पाती थांबवणारा स्विच लागतोच. लिथियम बॅटरी असल्यास अधिक काळजी घ्यावी, कारण तिची संरक्षक यंत्रणा क्षणात जोडणी तोडते. त्या क्षणी वीज रेझिस्टरकडे वळेल अशी व्यवस्था आधीच केलेली हवी.

ज्यांचा मुक्काम वाऱ्याच्या प्रदेशात उघड्या जागी असतो, किंवा जे हिवाळाभर बोटीवर राहतात, त्यांनी पॅनेलच्या जोडीला पवनचक्की अवश्य घ्यावी. ढगाळ, वादळी आठवड्यात तीच बॅटरी सावरते. बाकीच्यांनी हातात धरायचे वायुवेगमापक घेऊन आपल्या नेहमीच्या मुक्कामी एक हंगाम नोंदी कराव्यात, आणि त्यांची नुसती सरासरी न काढता १२ नॉटपेक्षा अधिक वारा दिवसातून किती तास मिळतो ते मोजावे. ते तास थोडेच भरले, तर त्याच पैशांत आणखी एक पॅनेल घ्यावे.