क्रेन, घड्याळ, नक्षीयंत्र की माग? पट्ट्या-स्क्रूंचं कोणतं मॉडेल प्रदर्शनात मांडावं

घरात भोकांच्या लोखंडी पट्ट्यांचा संच आहे, पुस्तिकेतली मॉडेलं हातखंडा झाली आहेत आणि आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, गणपतीच्या देखाव्यात किंवा एखाद्या हॉलमध्ये टेबल मिळणार आहे. अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आकाराचा: किती मोठं करू? माझ्या मते हा प्रश्न मागे ठेवावा. टेबलासमोर माणूस जेमतेम दोन मिनिटं थांबतो. त्या दोन मिनिटांत त्याला काय समजतं, त्याचा हात कुठे लागतो आणि जाताना तो काय घेऊन जातो, यावर मॉडेल निवडावं. संभाजीनगर, परभणी, नांदेड, लातूर, कुठेही मांडा, प्रेक्षक चौकस असतो. "हे कशानं फिरतंय?" हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर मॉडेलनंच दिलं तर उत्तम.

निवडीआधी संच मोजून घ्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि १९०७ पासून ती मेकॅनो नावानं ओळखली जाऊ लागली. मेकॅनोत दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. चेक बनावटीच्या मर्कुर संचात ते १० मिलिमीटर आहे. आजोबांच्या काळातला डबा, बाजारात मिळणारा मेकॅनिक्सचा संच आणि कुणी परदेशातून आणलेली पट्टी एकत्र करायची असेल, तर भोकांमधली दहा अंतरं एका दमात मोजा. १२७ मिलिमीटर भरली तर ती पट्टी मेकॅनोच्या मापाची, १०० भरली तर मर्कुरच्या. एकेक भोक मोजत बसलात तर फरक नजरेतून सुटतो.

क्रेन

बहुतेकांची पहिली ओढ क्रेनकडे असते, आणि ती योग्यच आहे. लांबून दिसते, हालचाल कळते, पोरं गोळा होतात. बंदरात मोठमोठे दगडी ठोकळे उतरवणाऱ्या क्रेनचं मॉडेल मेकॅनोच्या सर्वांत नावाजलेल्या मॉडेलांपैकी एक आहे. ओझं उचलणं, ते आडव्या हातावर पुढेमागे नेणं आणि पूर्ण क्रेन फिरवणं या तिन्ही हालचाली वेगवेगळ्या दाखवता येतात.

पण वेगाचा हिशेब आधी करा. मिनिटाला ६० फेरे देणारी गिअर मोटर वर्मला, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या गिअरला जोडली आणि वर्म ५७ दातांच्या गिअरवर चढवला, तर दोरी गुंडाळणारा रूळ मिनिटाला जेमतेम एक फेरा घेतो. रूळ इंचभर जाडीचा असेल तर ओझं मिनिटात ८ सेंटिमीटर चढतं. एवढ्यासाठी कुणी थांबत नाही. तोच वर्म १९ दातांच्या पिनियनवर, म्हणजे छोट्या गिअरवर लावा, ओझं मिनिटात २५ सेंटिमीटर चढेल. वर्मचा खरा फायदा वीज गेल्यावर कळतो: गिअर उलटा वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे ओझं जिथल्या तिथे लटकून राहतं.

क्रेनची अडचण अशी की ती चालवायला सतत एक माणूस लागतो. शिवाय प्रेक्षक फक्त पाहतो. ओझं वर गेलं, खाली आलं, झालं.

मराठवाड्यात मांडायचं असेल तर क्रेनच्याच गिअरवर धरणाचं दार करून पाहा. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की पैठणला बघ्यांची गर्दी होते. दार वर नेमकं कसं जातं हे मात्र गर्दीतल्या फार थोड्यांना दिसतं. एकच दार, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या किंवा साखळ्या आणि दोन्ही सारख्याच ओढल्या जाव्यात म्हणून आडवा गेलेला एक दांडा, एवढं दाखवलं तरी पुरे. एक बाजू जास्त ओढली गेली तर दार तिरकं होऊन अडकतं, हे हाताने करून दाखवता येतं. मोठ्या क्रेनपेक्षा याला साहित्य कमी लागतं आणि इथल्या माणसाशी ते थेट बोलतं.

घड्याळ

लंबकाचं घड्याळ करणाऱ्याला जितका आनंद देतं तितका दुसरं कोणतंही मॉडेल देत नाही. मिनिटकाट्यावरून तासकाट्याला गती द्यायला १२ पट घट लागते. मेकॅनोत ५७ आणि १९ दातांची जोडी तिप्पट घट देते, ६० आणि १५ ची जोडी चौपट. या दोन्ही जोड्या एकाच इंचाच्या अंतरावर बसतात, म्हणून दोन्ही काटे एकाच मध्यावर आणता येतात. हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा हॉर्नबींच्या मापांची खरी किंमत कळते. विजेची गरज नाही, वजन खाली उतरत राहतं आणि घड्याळ चालतं.

तरीही पहिल्या प्रदर्शनाला घड्याळ नेऊ नका, असंच मी सांगेन. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळपास ९९.४ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे टेबलावर मावत नाही. पाव मीटरचा अर्ध्या सेकंदाचा लंबक मावतो, पण मंडपातल्या टेबलावर कुणी कोपर टेकवलं की चौकट हलते, लंबकाचा जोर चौकटीत जिरतो आणि घड्याळ बंद पडतं. जमिनीवर उभी, जड बैठकीची चौकट केली तरच त्याचा भरवसा. आपल्या उन्हाचाही विचार करावा लागतो. पोलादी दांड्याचा लंबक १० अंश जास्त तापला की घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडतं. सकाळ आणि दुपार यांच्यात इतका फरक मराठवाड्यात सहज पडतो. लाकडी दांडा याहून बराच कमी वाढतो. हे सगळं फलकावर लिहिता येतं, पण दोन मिनिटांत प्रेक्षकाला दिसतं ते टिकटिक आणि झोका. घड्याळाची जागा शाळेच्या वाचनालयात किंवा प्रयोगशाळेत आहे. तिथे ते महिनोन्महिने चालेल आणि मुलं रोज येऊन वेळ ताडून पाहतील.

नक्षीयंत्र

मेकॅनोनं याला मेकॅनोग्राफ म्हटलं. कागद लावलेली गोल तबकडी फिरते, पेनाचा हात मागेपुढे झुलतो आणि कागदावर पाकळ्यांची नक्षी उमटते. साहित्य बेताचं, उंची कमी, वजन हलकं. प्रेक्षकानं स्वतः हँडल फिरवायचं आणि कागद घरी न्यायचा. त्यामुळे पहिल्यांदा मांडणाऱ्याला मी हेच सुचवतो.

यात गणित आहे आणि ते सातवी-आठवीच्या मुलाला बोटानं दाखवता येतं. तबकडीवर ३६ दातांचं साखळीचं चक्र लावा, पेनाचा हात हलवणाऱ्या दांड्यावर १४ दातांचं. ३६ आणि १४ चा लसावि २५२. म्हणून तबकडीचे ७ फेरे आणि पेनाचे १८ झोके झाले की रेघ सुरुवातीच्या बिंदूवर परत येते आणि १८ पाकळ्यांची नक्षी पुरी होते. चक्र बदला, पाकळ्या बदलतात. मुलांना आधी अंदाज करायला सांगा, मग फिरवू द्या. शाळेतला लसावि इथे डोळ्यांसमोर पुरा होतो. दारात रांगोळी काढणाऱ्या बायका या टेबलाशी सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहतात आणि त्यांचे प्रश्नही नेमके असतात: मधली मोकळी जागा लहान कशी करायची? पाकळी रुंद कशी होईल? पेनाच्या हाताचा टेकू सरकवून दोन्ही तिथल्या तिथे दाखवता येतं.

काळजी दोन गोष्टींची. पेन जड असेल तर कागद फाटतो, हलकं असेल तर रेघ तुटते, म्हणून जेल पेन वापरा आणि हातावर एखाद-दुसरा वॉशर वाढवून दाब जुळवा. दुसरं, साखळी ढिली राहिली तर प्रत्येक झोक्याला नक्षी थरथरते.

माग

आता माझं सर्वांत आवडतं मॉडेल. मागात एकाच दांड्याच्या फिरण्यातून तीन वेगळ्या हालचाली ठरलेल्या क्रमानं निघतात. वह्या, म्हणजे धागे उचलणाऱ्या चौकटी, वरखाली होऊन ताण्याचे (लांबीचे) धागे दोन थरांत उघडतात, धोटा बाणा (आडवा धागा) घेऊन त्या फटीतून पार जातो, आणि फणी येऊन बाणा विणलेल्या कापडाला ठोकते. सोबत दोन संथ हालचालीही चालू असतात: मागून ताणा सुटत राहतो, पुढे कापड गुंडाळलं जातं. यातली एक जरी वेळ चुकली तरी धोटा धाग्यात अडकतो. म्हणूनच हे मॉडेल करणाऱ्याला यंत्र म्हणजे काय ते शिकवतं.

साध्या विणीत वह्यांची अदलाबदल प्रत्येक बाण्याला होते, म्हणजे वह्या हलवणारा दांडा मुख्य दांड्याच्या निम्म्या वेगानं फिरायला हवा. ५० आणि २५ दातांची जोडी इथे अचूक बसते. धोटा फेकण्याची व्यवस्था मोहक असते, पण प्रदर्शनात त्यापेक्षा एका बाजूच्या हातानं ढकलून दुसऱ्या बाजूच्या हाती देणारी रचना करा. वेग कमी होतो, पण धोटा टेबलाखाली उडत नाही आणि प्रेक्षकाला प्रत्येक टप्पा दिसतो. ताण्याला क्रोशाचा दोरा घ्या, शिवणाचा नको. बाणा वेगळ्या रंगाचा घेतला की धागा कुठून वर आला आणि कुठे खाली गेला ते चार हातांवरून कळतं. ताण कायम राहावा म्हणून मागच्या रुळावर दोरीचा वेढा देऊन तिला छोटं वजन टांगा.

नक्षीयंत्राच्या तुलनेत माग मागे पडतो तो वेगात. जाड दोऱ्यानं विणलं तर मिनिटाला तीन-चार सेंटिमीटर पट्टी निघते, म्हणजे दोन मिनिटं हँडल फिरवणाऱ्याला बोटभर कापड दिसतं आणि ते त्याला नेता येत नाही. दिवसअखेर पट्टी कापून वाटावी. पोळ्याच्या आधी प्रदर्शन असेल तर लाल-पिवळ्या दोऱ्याची पट्टी विणा. बैलाच्या सजावटीला ती खरोखर उपयोगी पडते.

पण मागाचं जे मोल मराठवाड्यात आहे ते दुसरीकडे क्वचितच असेल. पैठणला माग दाखवायला न्या आणि फलकावर स्पष्ट लिहा की ही साधी वीण आहे. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धाग्याची छोटी कांडी) हातानं फिरते आणि दोन रंगांचे बाणे जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवले जातात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. संभाजीनगरच्या हिमरू कापडात मुख्य बाण्याखेरीज नक्षीचा जादा बाणा घातला जातो. तुमचं मॉडेल यातलं काहीच करत नाही, पण ताणा, बाणा आणि फणी काय करतात हे समजलेला मुलगा पुढे पैठणीकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. आणि विणकर घरातलं कुणी भेटलं तर त्यांना ताण्यावर बोट फिरवू द्या. कुठला धागा सैल आहे ते त्यांना क्षणात कळतं.

वीज की हँडल

क्रेन सोडली तर बाकी सगळ्याला माझं मत हँडलच्या बाजूनं. वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि हात लागला की माणूस टेबलापासून हलत नाही. पोरं हँडल उलटं फिरवतात, म्हणून दांड्यावर दातेरी चाक आणि खटका लावून उलटी दिशा बंद करा. जोरात फिरवतात, म्हणून हँडल आणि यंत्र यांच्यात एक जोड रबरी पट्ट्याची ठेवा. अडकलं तर पट्टा घसरेल, दात तुटणार नाहीत. मोटर लावायचीच असेल तर बारा व्होल्टची घ्या आणि बॅटरीवर चालवा. मेकॅनोचा दांडा सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा आहे, बाजारातल्या अनेक गिअर मोटरींचा ६ मिलिमीटरचा. मधली जोडणी लेथवर करून घ्यावी लागते, ते आदल्या दिवशी जमत नाही.

कुणी काय निवडावं

एकच संच आणि पंधरा दिवस हाती असतील तर नक्षीयंत्र. दोघं-तिघं मिळून दोन-तीन महिने काम करणार असाल तर माग, आणि मग दुसरा विचार करूच नका. गणपतीच्या देखाव्यात रात्री लांबून दिसणारं काही हवं असेल तर क्रेन किंवा धरणाचं दार. घड्याळ कायमची जागा मिळेल तेव्हा. चांगला गट असेल तर नक्षीयंत्र आणि माग शेजारी मांडा. नक्षी काढणाऱ्यांची रांग लागते आणि रांगेतल्यांना माग पाहायला वेळ मिळतो.

शाळेत किंवा घरात कुणी "हा पोरखेळ आहे" म्हणालं तर त्यांना दोन गोष्टी सांगा. १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांतून अवकल (डिफरन्शियल) समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं. आणि १९६१ च्या नाताळात चेक रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले यांनी घरच्या टेबलावर मर्कुरचे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या.

नेताना मॉडेल पूर्ण उघडू नका. चौकट एक, गिअरचा भाग दुसरा, असे दोन-तीन तुकडे करा आणि जोडायच्या भोकांना रंगाचा ठिपका द्या. जिथे सांधा हलायला हवा तिथे एकावर एक दोन नट आवळा, नाहीतर एसटीच्या हादऱ्यानं एकटा नट वाटेतच सुटतो. तेल शिलाई मशीनचं, तेही थेंबभर. काळ्या मातीची धूळ जास्तीच्या तेलात बसली की दुपारपर्यंत दांडे जड फिरू लागतात. टेबलाखाली स्क्रू, नट, वॉशर, दोन पाने, जादा रबरी पट्टे आणि चिंधी असा डबा ठेवा, आणि डब्याजवळ बसायला असा कुणीतरी नेमा ज्याला प्रत्येक गिअर कशासाठी आहे ते सांगता येईल.