एनईएफ ठेवायची की डीएनजी करायची?

ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगोंचे पाच-सहाशे फोटो काढून घरी आलं की कार्ड रिकामं करताना हा प्रश्न पडतोच. निकॉनची एनईएफ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली ‘रॉ’ फाइल, तशीच ठेवायची, की तिची डीएनजी या सामायिक रॉ प्रकारात फाइल करून टाकायची? कॅननवाल्यांनी एनईएफच्या जागी सीआर३ वाचावं, सोनीवाल्यांनी एआरडब्ल्यू.

डीएनजी ॲडोबीने २००४ साली आणली. तिची रचना जाहीर आहे आणि ती कोणालाही फुकट वापरता येते. एनईएफची रचना निकॉन उघड करत नाही, त्यामुळे डार्कटेबलसारख्या मोफत सॉफ्टवेअरवाल्यांना ती खटपट करून समजून घ्यावी लागते. निकॉनच्या झेड८-झेड९ कॅमेऱ्यांच्या ‘हाय एफिशियन्सी’ (जास्त दाबून लहान केलेल्या) फायलींसाठी तर या मंडळींना बराच काळ ताटकळावं लागलं. ॲडोबीचं फोटो एडिटिंगचं लाइटरूम जुनं वापरत असाल आणि कॅमेरा नवा असेल, तर त्यांचाच मोफत डीएनजी कन्व्हर्टर हाच सोपा मार्ग.

पण पक्षी टिपणाऱ्यांचं दुखणं निराळं. निकॉनच्या एनएक्स स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये एनईएफ उघडली की फोकस पॉइंट कुठे होता ते दिसतं: पक्ष्याच्या डोळ्यावर, की मागच्या खारफुटीवर. (माझ्या बाबतीत बहुधा खारफुटीवर.) रूपांतर केलेली डीएनजी तिथे उघडतच नाही. डीएनजीची पुन्हा एनईएफही करता येत नाही. मूळ फाइल आत भरून ठेवली असेल तर ती बाहेर काढता येते, पण मग आकार जवळपास दुप्पट होतो. शिवाय वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धांत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ रॉ मागतात.

बॅकअपचंही बघा. लाइटरूममधून बदल फायलीत सेव्ह केले, तर एनईएफच्या बाबतीत ते शेजारच्या छोट्याशा एक्सएमपी फायलीत जातात. डीएनजीत ते फाइलच्या पोटातच लिहिले जातात, म्हणजे एक कीवर्ड टाकला तरी अख्खी फाइल पुन्हा बॅकअपला. उलट एक्सएमपी सुटी असल्याने हरवू शकते. फोल्डर हलवताना मी ती मागेच विसरलो आणि एका हिवाळ्याचं एडिटिंग गेलं. डीएनजीत चेकसमही (फाइल शाबूत आहे का ते ताडून बघायचा आकडा) असतो, त्यामुळे बिघडलेली फाइल लाइटरूम शोधून देतं. जुन्या हार्डडिस्कवर फोटो ठेवणाऱ्यांना ही सोय मोलाची.

पेंटॅक्स, लायका किंवा आयफोनचं प्रोरॉ वापरणाऱ्यांपुढे हा पेच नाही, त्यांना बहुतेक वेळा रॉ थेट डीएनजीमध्येच घेता येते.

माझ्यापुरतं सांगायचं तर खाडीवरचं सगळं एनईएफमध्येच राहतं. ठाण्यातल्या लग्नांचे फोटो मात्र अल्बम पोचला की लॉसी डीएनजी (थोडी माहिती गाळून लहान केलेली) करतो, जागा बरीच वाचते. नवरा-नवरीचे निवडक शंभर तेवढे मूळ एनईएफमध्ये.