तामियाचा ‘बी’ संच आणि माझं मळकं डिझेल

नागपूरच्या बर्डीवर तीन दुकानं फिरलो. ‘रेल्वे मॉडेलच्या इंजिनाला काजळी लावायची आहे’ म्हटल्यावर एकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘भाऊ, नवं इंजिन काहून खराब करता?’ शेवटी तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा वेदरिंग मास्टर ‘बी’ संच, म्हणजे मॉडेल वापरून मळल्यासारखं दिसावं म्हणून लावायचे रंग, ऑनलाइन मागवला. सातशेच्या आत पडला.

डबी थेट मेकअपच्या कॉम्पॅक्टसारखी. आत तीन कप्पे: स्नो, सूट, रस्ट, म्हणजे बर्फ, काजळी, गंज. सोबत छोटी दांडी, एका टोकाला स्पंज, दुसऱ्याला ब्रश. रंग सुटी भुकटी नाही, किंचित ओलसर, दाबून बसवलेला. पंख्याखाली बसूनही काम होतं आणि एअरब्रश-कॉम्प्रेसरचा खर्च वाचतो.

मी तो एचओ मापाच्या, म्हणजे 1:87 च्या डब्ल्यूडीएम-2 वर, म्हणजे भारतीय रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या मॉडेलवर, वापरला. लहानपणी ही इंजिनं अजनीच्या पुलावरून पाहिलेली. तिथून बाजू कमी, टपच जास्त दिसायचा. आणि टेबलावरचं वीतभर मॉडेलही आपण वरूनच बघतो ना! म्हणून टपापासून सुरुवात केली. चकाकी घालवायला आधी मॅट लॅकरचा, म्हणजे बिनचकाकीच्या पारदर्शक रोगणाचा, पातळ हात, मग धुराड्याच्या तोंडाशी ब्रशनं टोचत काजळी बसवली आणि स्पंजनं ओढली. एकाच बाजूला ओढू नका, हे इंजिन दोन्ही दिशांना धावायचं. अल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेच्या त्या 16 सिलिंडरनी नॉच (वेगाच्या दांड्याचा टप्पा) वाढताच ओकलेला काळा धूर टपाच्या कडेपर्यंत विरत गेलेला दिसला पाहिजे. त्यासाठी हा रंग फर्स्टक्लास. हळूहळू चढवता येतो, जास्त झाला तर ओल्या कापसाच्या काडीनं निघतो.

गंजाला मात्र हात आखडता घ्या. बोगीवरचा (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यावरचा) तो तांबूस थर म्हणजे बहुतेक ओतीव लोखंडाच्या ब्रेक ब्लॉकची झिजलेली पूड. तेवढीच द्या, चाकांच्या आसपास. रुळावर टेकणाऱ्या भागाला लागली तर करंट तुटतो आणि इंजिन जागीच अडतं.

आणि बर्फ? नागपुरात, मे महिन्यात? तो मी सिमेंटच्या बीसीएन वाघिणीच्या, म्हणजे मालगाडीच्या बंद डब्याच्या मॉडेलच्या, दारांखाली ओघळ काढायला वापरला. मस्त दिसतो.

शेवटी पुन्हा लॅकर मारावाच लागतो, नाहीतर हाताळताना रंग बोटांना येतो. तो पहाटे मारा. मी भर दुपारी गच्चीवर मारला. 45 अंशांत फवारा हवेतच सुकला आणि टपावर सँडपेपरसारखी खर बसली. चूक माझीच, संचाची नाही. अख्खा टप घासून पुन्हा केला. या खेपेला काजळी एक हात जास्त दिली, कारण लॅकरखाली ती फिकी पडते.