शमामा अत्तर, चार महिने: कापूस वेचणीपासून होळीपर्यंत

आधी माझ्या नाकाबद्दल. आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. दिवसभर कीटकनाशकांच्या डब्यांत बसायचं, त्यामुळे संध्याकाळी घासून आंघोळ केली तरी अंगाला 'औषधा'चा वास येतोय असंच वाटत राहतं. बॉडी स्प्रे तीन-चार कंपन्यांचे मारून झाले. डिसेंबरच्या थंडीत ते घरातून निघून पानठेल्यापर्यंतसुद्धा साथ देत नाहीत. स्पिरिट उडून जातं आणि लिंबा-संत्र्याच्या जातीचे नाजूक वास गार हवेत, स्वेटरखाली उठतच नाहीत. थंडीला जड वास लागतो, मसाल्याचा, लाकडाचा, राळेचा.

दिवाळीनंतर सोयाबीनचा हिशोब झाला आणि कामानिमित्त नागपूरला गेलो, तेव्हा ताजबागेजवळच्या एका अत्तराच्या दुकानात शिरलो. आधी खस हातावर लावून घेतला, आवडला, पण दुकानदार म्हणाला की हे उन्हाळ्याचं, मे महिन्यात या. थंडीसाठी त्यानं हिना आणि शमामा पुढे केले. हिना चांगला होता, पण तो मला बाबांचा वाटला. ते लग्नाला निघताना कानात हिन्याचा फाया ठेवायचे. शमामा नवा होता. ६ मिलीची कुपी ९०० रुपयांना पडली. "चंदनाच्या तेलात आहे का?" असं विचारलं तर त्यानं सरळ सांगितलं की थोडं चंदन, बाकी दुसरं तेल, निव्वळ चंदनावर हवं असेल तर पैसे पाहून तुम्ही खुर्चीतच बसाल. जुन्या रीतीत अत्तर चंदनाच्या तेलातच उतरवतात, पण चंदन इतकं महागलंय की आता बराच माल पॅराफिनसारख्या बिनवासाच्या तेलावर बनतो. खोटं बोलला नाही म्हणून त्याच्याकडूनच घेतलं.

शमामा म्हणजे एका फुलाचं अत्तर नव्हे. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला ते बनतं, आणि त्यात लवंग, जायफळ, जायपत्री, वेलची, केशर, जटामांसी, कपूरकाचरी, नागरमोथा असे कितीतरी जिन्नस पडतात. प्रत्येक घराण्याची यादी वेगळी आणि ती कोणी सांगत नाही. सगळं तांब्याच्या देगेत पाण्यासोबत चढवायचं, झाकणाच्या फटी माती आणि कापसानं लिंपायच्या, खालून मंद आच द्यायची. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. भपका म्हणजे पाण्यात बुडवलेलं भांडं, त्यात तेल असतं आणि ते वास धरून ठेवतं. हे वाचलं तेव्हा मला मजा वाटली. कापूस आमचा भाव पाडून विकला जातो आणि तिकडे अत्तराची वाफ अडवायला लागतो.

मोथ्याचंही तसंच. आमच्या वावरातला मोथा निंदून निंदून बायांचे हात सोलतात, त्याच्यावर मारायला मीच दुकानातून तणनाशक विकतो. अत्तरातला नागरमोथा त्याचाच जंगली भाऊबंद. गाठी कुस्करल्या की दोघांचाही ओल्या मातीचा, धुरकट वास येतो. चार महिने हे अंगाला लावल्यावर आता वखरामागं मोथा उपटून आला की मी एक गाठ नखानं फोडून हुंगतो. गडी हसतात.

आता वास. पहिली वीस मिनिटं सहन करावी लागतात. काढा उकळत ठेवल्यासारखं कडू, तिखट, जुन्या वैद्याच्या कपाटासारखं. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "सर्दी झाली काय?" त्यानंतर लवंग आणि जायफळ वर येतात आणि गळ्याजवळ ऊब आल्यासारखी वाटते. साधारण तासाभरानं मधला वास लागतो, तो मला सगळ्यात आवडतो: दमट, झाडाच्या सालीसारखा, थोडा धुराचा. रात्री झोपताना चंदन आणि केशराचा गोडसरपणा उरतो. अंगावर सात-आठ तास. मफलरवर चार दिवस, धुतलं नाही तर.

या मधल्या वासाचीच भानगड आहे. तो दगडफुलाचा वास आहे. अत्तरवाले त्याला छरीला म्हणतात, पण वस्तू तीच. मुंबई-पुण्याच्या माणसाला तो गूढ वगैरे वाटत असेल. विदर्भात काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं, सावजीच्या रश्श्यात पडतं, त्यामुळे इथं प्रत्येकाचं नाक त्या वासाला आधीच ओळखतं. दुकान बंद करून घरी आलो, शमामा लावला आणि ओसरीवर बसलो तर आतून आवाज आला, "मटन आणलं का जी?"

साक्षगंधाला तर शोभा झाली. साळ्याच्या मुलाचं होतं, जानेवारीतली संध्याकाळ, पटांगणात मांडव. घरून निघताना लावलं होतं. तिथं पोचेस्तोवर मला काहीच वास येईना म्हणून गाडीजवळ उभं राहून पुन्हा दोन्ही मनगटांना, कानामागं आणि वरून जॅकेटच्या कॉलरला. नाक स्वतःच्या वासाला तासाभरात सरावतं, वास गेलेला नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं खुर्ची सरकवली. समोरच्या म्हाताऱ्या मामी पदर नाकाला लावून मोठ्यानं म्हणाल्या, "कोन मसाला कुटून आला वो?" नवऱ्या मुलीकडच्यांसमोर. साळा अजून मला 'सावजी भाऊ' म्हणतो.

तेव्हापासून थेंबाचं गणित पक्कं केलं. बोटावर उलटी कुपी टेकवायची नाही, काचेच्या काडीचं टोक फक्त. एक टिपका छातीवर, बनियनच्या आत. संपलं. अंगाच्या उबेनं तो हळूहळू वर येतो आणि बोलायला जवळ आलेल्या माणसालाच कळतो. किंवा बाबांसारखा फाया: सरकीतून सोडवलेला घरचा कापूस हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याला टिपका, आणि कानाच्या पाळीवरच्या खळीत. जुनाट दिसतं, पण कातडीला तेल लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण दाढी केल्या केल्या गळ्याला लावलं तर आग होते. माझी मान दोन दिवस लाल होती. लवंगेच्या तेलात मुख्य भाग युजेनॉलचा, ते सोलल्या कातडीला चावणारच. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा.

डाग पडतात. माझा शमामा गडद तपकिरी आहे, आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला ठिपका रिठा, सोडा, साबण कशालाच जुमानला नाही. कुपीचं बूचही ढिलं. मोटारसायकलच्या डिकीत ठेवली होती, फडकं, पंक्चरचं सामान, आरसी बुक सगळं सुगंधी झालं आणि एक मिली तरी गेलं. आता बुचाभोवती दोऱ्याचे वेढे मारून उभीच ठेवतो.

मध्यंतरी हावरटपणानं ऑनलाइनही एक मागवली, 'शुद्ध शमामा', दुप्पट माल, निम्मी किंमत. आला तो व्हॅनिलाच्या आइस्क्रीमसारखा गोड, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वास. शमामा तासातासाला बदलला नाही तर तो शमामा नाही, एवढं आता नाकाला कळतं. ती बाटली पुतण्याला दिली. तो खूश आहे.

सगळ्यात चांगला वापर मात्र कुठल्या समारंभात झाला नाही. पंपाची लाइन रात्रीची होती, गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि तुरीत रानडुकरं शिरत होती म्हणून जागल. धुऱ्यावर शेकोटी, तिघं जण, निखाऱ्यात रोडगे, वर भाजलेली वांगी. मी संध्याकाळीच टिपका लावून निघालो होतो आणि विसरलो होतो. अंग शेकल्यावर तो बरोबर नऊच्या सुमारास उठला, गोवऱ्यांच्या धुरात मिसळून. शेजारचा भाऊ बराच वेळ इकडेतिकडे हुंगत होता. शेवटी म्हणाला, "रोडग्यात काही टाकलं काय बे? लय चांगला वास येऊन राहिला." मी काही सांगितलं नाही. (रानडुकरांवर काडीचा परिणाम नाही. पहाटे अर्धा तास झोप लागली, तेवढ्यात धुऱ्याकडच्या तुरीच्या पाच ओळी लोळवून गेली.)

पुन्हा घेईन का? घेईन, पण ३ मिली. एका हिवाळ्याला तेवढं पुरतं, आणि दहापैकी साडेसात देतो. अडीच बूच, डाग आणि मामींचे. फेब्रुवारीच्या शेवटी दुपार तापायला लागली की याला हात लावू नका. होळीच्या दिवशी हौसेनं लावलं आणि अकराच्या उन्हात स्वतःचंच डोकं उठलं, परत जाऊन अंघोळ केली. उरलेली कुपी बायकोनं गोधड्यांच्या पेटीत टाकली. काल पेटी उघडली तर सगळ्या गोधड्यांना दगडफुलाचा वास, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या माहेरचे पाहुणे गच्चीवर झोपायला येणार आहेत.