प्रॉम्प्टरच्या कानांनी

आधीच सांगून टाकते, मी प्रेक्षक म्हणून बिघडलेली आहे. गेली बावीस वर्षं आमच्या गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकाला मी प्रॉम्प्टिंग करते. बायकांचं नाटक असतं ते. बलरामापासून घटोत्कचापर्यंत सगळ्या आम्हीच. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर वही, हातात टॉर्च. समोरची बाई वाक्य विसरलीय की मुद्दाम थांबलीय, हे अर्ध्या श्वासात ओळखायचं आणि त्याप्रमाणे शब्द द्यायचा किंवा तोंड मिटून बसायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे कुठेही काहीही बघायला गेले तरी डोळ्यांच्या आधी कान पुढे जातात. कथा, छायाचित्रण, कपडेपट यांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. गेल्या वर्षभरात जे पाहिलं त्यात कोण कुठे थांबलं आणि कोणाला थांबायचा धीर झाला नाही, तेवढं मी सांगू शकते.

सुरुवात ‘दशावतार’ या सिनेमापासून केली पाहिजे, कारण माझं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. लग्न होऊन फोंड्याला आले आणि संगीत नाटकात पडले, पण लहानपण धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकांत गेलं. बाबा चटई आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन पुढच्या रांगेत बसवायचे. नाटक सुरू होण्याआधी मी मागे जाऊन रंगपट बघायची. एक काका पेटाऱ्याशेजारी मांडी घालून, तळहाताएवढ्या आरशात बघत स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायचे. नऊवारी नेसून झालेली, कानात कुड्या, आणि ओठांत विडी. विडी संपली की ती पायाखाली चिरडायची आणि द्रौपदी उठायची. रंगमंचावर एकच बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, संकट ओढवलं की तोच डोंगर. आणि तिथे प्रॉम्प्टर नसतो, कारण लिहिलेली संहिताच नसते. आख्यान ठरलेलं, बाकी संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. मला हे आजही अचाट वाटतं.

तर चतुर्थी आटोपून 2025 च्या सप्टेंबरात, 12 तारखेला हा सिनेमा लागला. मी दुसऱ्या दिवशी गेले, सासूबाईंना घेऊन. दिलीप प्रभावळकरांचा जन्म 1944 चा, म्हणजे एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांनी बाबुली मेस्त्री केला. नजर अधू झालेला, पण नाटक सोडवत नाही असा दशावतारी. तो रंगायला बसतो तेव्हा बोटं चेहऱ्यावर ज्या सवयीने फिरतात, ते बघून मला पेडण्याचे काका आठवले. आरशाची गरजच उरलेली नाही अशी ती बोटं. तिथे प्रभावळकर काही बोलत नाहीत आणि दिग्दर्शक सुबोध खानोलकर त्यांना बोलायला लावत नाहीत. मुलगा माधव ‘आता पुरे’ म्हणतो, त्यावर बाबुली लगेच उत्तर देत नाही. मला विचाराल तर संपूर्ण सिनेमा त्या न दिलेल्या उत्तरांत आहे.

मालवणीही त्यांनी सांभाळलीय. पेडण्याच्या माणसाला ती परकी वाटत नाही. आमच्या मागच्या रांगेत बहुतेक तिकडचीच मंडळी होती, हसायची जागा यायच्या आधी हसत होती.

मध्यंतरानंतर मात्र सिनेमाला स्वतःवरचा विश्वास कमी पडला असं मला वाटलं. अवतार सुरू झाले की पार्श्वसंगीत असं काही कोसळतं की प्रभावळकरांचा श्वास ऐकू यायचा बंद होतो. ज्या कलेत एका बाकड्याचा डोंगर होतो, तिच्यावरच्या सिनेमात इतकी धूळ, इतका धूर आणि इतकं सावकाश चालणं कशाला? थिएटरात शिट्ट्या पडल्या, हेही खरं. मी जुन्या वळणाची.

अजून एक गोष्ट, ती सिनेमापेक्षा आमच्या घराची जास्त. सिनेमात खाण येते आणि खाणवाले म्हणजे राक्षस. माझ्या दिरांचा खाणीवर ट्रक होता. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. ट्रक दोन पावसाळे अंगणात उभा राहिला, टपात गवत उगवलं, शेवटी विकला. खाणींनी डिचोली-सांग्याकडच्या शेतांचं आणि विहिरींचं काय केलं तेही आम्हीच पाहिलंय. त्यामुळे दीर सिनेमा बघून आले आणि एवढंच म्हणाले, ‘‘हप्ते कोण भरत होतं ते नाही दाखवलं.’’ तक्रार म्हणून म्हणाले नाहीत. मला वाटतं, बाबुलीला जेवढा बारकाईने बघितलाय तेवढा समोरच्या बाजूचा एखादा तरी माणूस बघायला हवा होता.

पुढच्याच आठवड्यात ‘साबर बोंडं’ लागला. जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या गटातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाल्याचं वाचलं होतं, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर पणजी गाठली. हे बरोबर आले ते नंतर मासळीची थाळी खायची या अटीवर. थिएटरात आम्ही 9 जण. मोजले, कारण जाहिराती बराच वेळ चालल्या.

आनंद मुंबईत राहणारा. वडील गेले म्हणून दहा दिवसांसाठी गावी येतो. नातेवाइकांच्या तोंडी एकच विषय, लग्न कधी. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, आणि त्या दोघांत जे आहे त्याला सिनेमा नाव देत बसत नाही. रोहन कानवडे यांनी माणसं दाखवायची आणि कॅमेरा हलवायचा नाही असं ठरवलेलं दिसतं. भावना आली की व्हायोलिन वाजेल म्हणून आपण सवयीने वाट बघतो, आणि ऐकू येते ती गावातली हवा, पाखरं, लांबचं एखादं वाहन. पहिली वीस मिनिटं माझ्या मांडीवर वही नसल्याची मला अडचण झाली. सारखं वाटायचं, कोणीतरी वाक्य विसरलंय. नंतर अंगवळणी पडलं.

जयश्री जगताप यांनी आनंदची आई केलीय. त्या बाईने बोलण्याआधी घेतलेले थांबे मी आमच्या मुलींना तालमीत दाखवले असते. सुतकाच्या घरात बायका जशा बोलतात, अर्धं वाक्य माणसाशी आणि अर्धं हातातल्या कामाशी, तसं त्या बोलतात.

हे सिनेमाभर गप्प होते. मला वाटलं, कंटाळले. थाळी खाताना सुरमईच्या भावाबद्दल बोलले. गाडी बाणस्तारीच्या पुलावर आली तेव्हा एकदम म्हणाले, ‘‘आवयक सगळें खबर आशिल्लें.’’ आईला सगळं ठाऊक होतं. पुढे फोंड्यापर्यंत आम्ही त्यावर काही बोललो नाही. मुलगा आमचाही बाहेर शिकतो.

‘गोंधळ’ या सिनेमाबद्दल मी काही बोलणं बरोबर नाही. नोव्हेंबरात इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, संतोष डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला, पणजीत, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, आणि मी तेव्हा दुसरीच्या मुलांचे पेपर तपासत होते. नंतर बघायला गेले तर जवळपास कुठेच शो नव्हता. 2004 पासून इफ्फी आमच्या दारात भरतो आणि दर वर्षी काही ना काही असं हुकतंच.

घरच्या पडद्यावर काय पाहिलं? ‘पंचायत’ या वेबमालिकेचा चौथा सीझन, पुतण्याबरोबर. तो सगळं दीडपट वेगाने बघतो. म्हटलं, अरे, पहिल्या सीझनमध्ये तो सचिव आणि विकास कचेरीत नुसते बसायचे तेच तर बघण्यासारखं होतं, ते दीडपट वेगाने बसले तर काय उरलं? पण या खेपेस त्याचंच बरोबर ठरलं. लौकी आणि कुकर या चिन्हांची निवडणूक, रोज नवी कुरघोडी, सगळे सारखे बोलतायत. नीना गुप्ता एकट्या आहेत ज्या ऐकताना सुंदर दिसतात. शेवटचे दोन भाग मीच पुतण्याला म्हटलं, वाढव वेग.

आता मुंबईहून आलेलं एक व्यावसायिक नाटक. नाटकाचं नाव सांगत नाही, सभागृहाचंही नाही, कारण दोष नक्की कोणाचा ते मला कळलेलं नाही. पुढची तिकिटं 500 रुपये, बाल्कनी 250. आम्ही महिला मंडळाच्या अकराजणी बाल्कनीत. दोन पात्रांचं नाटक, नवरा-बायको, विषय चांगला. पण दोघांच्या गळ्याशी कॉलर माईक, आणि नायिकेचा माईक तिच्या मंगळसूत्रावर घासत होता. ती वळली की खर्र. रागावली की खर्र खर्र. पहिल्या अंकात नवरा तिला विचारतो, तू सुखी आहेस का, आणि ती छातीवर हात नेते. त्या जागी तिने फार सुरेख मौन धरलं होतं, हे मला दिसत होतं. ऐकू आलं ते खर्र. बाल्कनी हसली.

दुसऱ्या अंकात तिने माईक काढून टाकला. बाल्कनीतून ओरडा झाला, आवाज येत नाही म्हणून. तेव्हा ती दोन पावलं पुढे आली, पोटातून आवाज लावला आणि उरलेलं नाटक तशीच बोलली. माझे 250 रुपये त्या दोन पावलांत वसूल झाले. नवऱ्याचा माईक चालूच होता, त्यामुळे तो कानात बोलल्यासारखा आणि ती खरीखुरी समोर, असं विचित्र मिश्रण झालं. कोणा दिग्दर्शकाने ते मुद्दाम केलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

नाटक संपल्यावर आमच्यातल्या एकीने विचारलं, ‘‘आमच्याकडे तर माईक वरून टांगलेले असतात, मग आमचा आवाज कसा जातो?’’ म्हटलं, जात नाही. पण लोकांना सौभद्र पाठ आहे.

त्या सौभद्राविषयी सांगते आणि थांबते. किर्लोस्करांचं हे नाटक 1882 चं, आणि आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, ते अजून असं होतं की पद सुरू व्हायच्या आधी मंडपातल्या म्हाताऱ्या सूर धरतात. यंदा उत्सवात आम्ही तेच केलं. साडेदहा म्हणून जाहीर, नांदी झाली सव्वाबाराला, कारण अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, अर्जुनाची मिशी सापडेना. सासूबाई नेहमीप्रमाणे पुढच्या खुर्चीत. दुसऱ्या अंकापासून त्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि उठवलं की ठरलेलं उत्तर, ‘‘हांव न्हिदूंक ना, आयकतां.’’ झोपले नाही, ऐकतेय.

कृष्ण झाली होती ती आमच्या आरोग्य केंद्रातली नर्स, पोर तिशीचीही नाही. रात्रपाळ्या सांभाळून महिनाभर तालमीला आली. गळा बरा, गद्य सपाट. मी तिला शंभरदा सांगितलं असेल, कृष्णाला घाई नसते. काही उपयोग झाला नाही.

रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढायचा प्रवेश आला तेव्हा दोन वाजून गेले होते. पद झालं, ऑर्गन थांबला. आता तिचं गद्य वाक्य. ती बोलेना. मी ओठ उघडले, पहिला शब्द जिभेवर. तेवढ्यात तिने पाठीमागे हात नेला आणि पंजा माझ्याकडे उघडला. मी समजले, थांब म्हणतेय. तोंड मिटलं. एक. दोन. तीन. रुक्मिणीने मान किंचित वळवली, नाटकात नसलेली. मंडपात कुठे बांगडी वाजली नाही. देवळाबाहेरच्या गाड्यावर कोणीतरी तेलात भजी सोडली, ती चर्र करून वाजली, आणि तो आवाज थेट विंगेत आला. पाच. सहा. मग ती वाक्य बोलली, अगदी खाली, जवळजवळ स्वतःशी. सासूबाईंचे डोळे उघडे होते. मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं. मला भरून आलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पहाटे अग्रशाळेत ती खोबरेल तेलाने चेहऱ्याचा निळा रंग पुसत होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, पोरी, असं थांबायला तू कधी शिकलीस?

तिने कापसाचा बोळा खाली ठेवला. ‘‘थांबलें खंय गे वयनी? हांव उतर विसरलें. तुका हात दाखयतालें न्हय!’’

शब्द दे, म्हणून हात दाखवत होती ती. मी सहा आकडे मोजत बसले.

सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. आमच्या कृष्णाने काय थांबा घेतला म्हणून त्या वाड्यावर सगळ्यांना सांगत फिरतायत.