अजरखपूरची पाच दिवसांची कार्यशाळा: अजरख शिकायचं तर एवढं तरी हवंच

अजरख म्हणजे लाकडी ठशांनी, नैसर्गिक रंगांत होणारी कच्छची कापडछपाई. ती शिकायला भूजजवळच्या अजरखपूरला एका दिवसाच्या कार्यशाळाही होतात. त्या घेऊ नयेत. तिथे ठसा मारायला मिळतो आणि रुमाल घेऊन परत यायचं. पण अजरखमध्ये छापण्यापेक्षा धुणं, वाळवणं आणि थांबणं जास्त. इथे लिहिलंय ते एका खत्री (पिढीजात छपाई-रंगाई करणाऱ्या समाजातल्या) कुटुंबाच्या कारखान्यातल्या पाच दिवसांच्या कार्यशाळेबद्दल.

तिची मोठी जमेची बाजू म्हणजे सुरुवात कोऱ्या सुती कापडापासून होते. पहिला दिवस सोडा आणि एरंडेल तेलाच्या पाण्यात कापड भिजवणं, मुरवणं, वाळवणं यातच जातो. गिरणीची खळ राहिली तर पुढचा प्रत्येक रंग डागाळतो. परीक्षा सोपी: पाण्याचा थेंब टाकावा. लगेच शोषला गेला तर कापड तयार, वर बसून राहिला तर पुन्हा धुवायचं.

मग कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे पुढचा रंग धरतो. एक किलो कापडाला 150 ते 200 ग्रॅम पूड. कापड पिवळसर होतं आणि ते एकाच बाजूनं उन्हात वाळवायचं. ज्या बाजूला ऊन लागतं तिकडे हिरडा ओढला जातो, म्हणून छपाईही त्याच बाजूवर. घाईत कापड उलटवलं की काळा रंग फिका उतरतो. हे शिकवणारे दोनदा बजावतात, ते योग्यच आहे.

छपाईत आधी चुना आणि बाभळीच्या डिंकाची रेख येते. ती जागा पांढरी राहते. नंतर काळ्यासाठी लोखंडाचं पाणी. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात दोनेक आठवडे आंबवावे लागतात, त्यामुळे इथे तयार पिंपच वापरतात. मात्र चिंचोक्याचं पीठ शिजवून ते घट्ट करायचं काम शिकणाऱ्यांकडे असतं. मिश्रण पातळ राहिलं तर रेघ फुटते, फार घट्ट झालं तर ठशाच्या खाचा बुजतात. ठसा सरळ उचलायचा, घसरवायचा नाही. चुन्याचा ठसा काम संपताच धुवायचा, कारण वाळलेला चुना ब्रशनंही सुटत नाही. नवशिक्यांना दिलेल्या ठशांपैकी काहींच्या कडा झिजलेल्या होत्या, आणि मग कोपरे जुळत नाहीत. हात बसायचाय की ठसाच खराब आहे, हे नव्या माणसाला कळणार कसं? ठसे धड द्यायला हवेत.

सर्वांत मोठी त्रुटी तुरटीच्या टप्प्यात. लाल जिथे हवा तिथे तुरटी छापतात, आणि ती धाग्यात मुरायला काही दिवस लागतात. इथे वेळापत्रकापायी एकच रात्र मिळते, म्हणून मंजिष्ठेत (लाल रंग देणाऱ्या मुळांच्या पाण्यात) उकळल्यावर लाल रंग ठिकठिकाणी विरळ दिसतो. एक दिवस वाढवला तरी बराच फरक पडेल. धुलाई मात्र उत्तम शिकवतात: वाहत्या पाण्यात, कापड सतत हलतं ठेवून. साचलेल्या पाण्यात सुटलेलं लोखंड पांढऱ्या जागेवर बसतं आणि तो करडा डाग मग निघत नाही.

पाण्याचं महत्त्व या गावाला कुणी सांगायला नको. 2001च्या भूकंपानंतर धमडका या त्यांच्या जुन्या गावच्या पाण्यात लोह वाढलं, लाल रंग मळकट येऊ लागला आणि अनेक खत्री कुटुंबांनी भूजजवळ हे नवं गाव वसवलं. घरी जाऊन प्रयोग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: बोअरच्या पाण्यात थोडी हिरड्याची पूड टाकून पाहा. पाणी काळपट झालं तर त्यात लोह आहे, ते मंजिष्ठेला चालणार नाही.

निळीचा भाग घाईचा वाटला. कापड हिरवट बाहेर येतं आणि हवेत निळं होतं, एवढं दिसतं; पण निळीचं पिंप थकलं, म्हणजे रंग नीट चढेनासा झाला, की त्यात काय, किती घालायचं हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारा, मग सगळं सांगतात. प्रमाणांचा छापील कागद मिळत नाही, तेव्हा वही आणि छोटा वजनकाटा सोबत न्या. बोलणं हिंदी-गुजरातीत चालतं, मराठी माणसाला अडचण येत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका, कापड वाळतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नोंदणी करताना दोनच प्रश्न विचारा: तुरटी किती दिवस मुरवणार, आणि धुलाई स्वतः करायला मिळणार का.