स्ट्रिपिंग बास्केट: दिसायला टोपलं, पण पैसा वसूल

किनाऱ्यावर उभं राहून फ्लाय रॉडने (फ्लाय म्हणजे गळाला पिसं-केस बांधून केलेलं हलकं नकली आमिष) स्ट्रायपर, म्हणजे पट्टेरी बास मासा, धरायचा असेल ना, तर आधी स्ट्रिपिंग बास्केट, म्हणजे खेचलेली लाइन ठेवायचं कमरेचं टोपलं घ्या, मग बाकीचं बघा. लोक रॉडवर हजार हजार डॉलर घालतात, रीलचा ड्रॅग (मासा पळताना लागणारा ब्रेक) कसा सील्ड आहे ते चारचौघांत सांगत बसतात आणि प्रत्यक्ष पाण्यात उतरले की सगळी लाइन पायाशी लाटांत लोळत असते. मी घेतली ती कडक प्लॅस्टिकची आहे, पट्ट्याने कमरेला बांधायची, तळाला बोटाएवढे उभे सुळके. सत्तर डॉलरच्या आसपास पडली. माझा वापर सगळा मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे केप कॉडच्या आतल्या बाजूचे ब्रूस्टरचे उथळ फ्लॅट्स (वाळूचे सपाट पट्टे), बाहेरच्या बाजूचे लाटांचे बीच आणि वर उत्तरेला प्लम आयलंडपाशी मेरिमॅक नदीचं मुख. तिन्ही ठिकाणी पाणी वेगळं, त्यामुळे बास्केटची परीक्षा नीट झालीय असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांनी फक्त नदीत ट्राउटसाठी फ्लाय फेकलीय त्यांना ही भानगड कळणार नाही म्हणून सांगतो. फ्लायला वजन असं नसतंच, आपण फेकतो ती लाइन, आणि फेकून झाली की ती हाताने खेचत खेचत परत आणायची, म्हणजे फ्लाय पाण्यात छोट्या माशासारखी पळते. नदीत खेचलेली लाइन समोर पाण्यावर पडते, चालून जातं. समुद्रात एक लाट येते ती लाइन पायाभोवती गुंडाळते, दुसरी येते ती दगडाखाली सरकवते, वर शेवाळ अडकतं ते वेगळंच. त्यातून स्ट्रायपरसाठी आपण बहुतेक वेळा इंटरमिजिएट लाइन वापरतो, जी सेकंदाला दीड-दोन इंच या हिशोबाने बुडत जाते, म्हणजे पायाशी पडलेली लाइन तरंगत नाही, खाली जाऊन बसते, आणि पुढच्या कास्टला, म्हणजे फेकीला, ती पाण्यातून उपसून काढण्यातच सगळा जोर जातो. साठ फूट जाणारा कास्ट तिशीतच मान टाकतो. डबल हॉल (कास्टला वेग द्यायला लाइन दोनदा ओढायची युक्ती) कितीही झकास येत असू दे.

बास्केटने हे सगळं एका झटक्यात मिटतं. खेचलेली लाइन टोपल्यात पडते, कोरडीच राहते असं नाही पण मोकळी राहते, आणि सुळक्यांमुळे वेटोळी एकमेकांवर घसरत नाहीत. सुळके नसलेलं टोपलं मी मित्राचं वापरून बघितलंय, चार पावलं चाललं की सगळी लाइन एका कोपऱ्यात गोळा होते आणि पुढचा कास्ट म्हणजे रॉडवरच्या पहिल्या गाइडपाशी (लाइन ओवायच्या कडीपाशी) अडकलेला गुंता. लहान मासा असला तर ठीक, पण त्याच वेळी दमदार स्ट्रायपर लागला तर वीस पाउंडाचा लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक धागा) सुद्धा ताडकन तुटतो.

एक गोष्ट मात्र पॅकेटवर कुणी लिहीत नाही आणि नवीन माणूस पहिल्या पाच मिनिटांत वैतागून बास्केटला शिव्या घालतो. रीलवरून लाइन ओढून टोपल्यात भरली की तिचं पुढचं टोक तळाला जातं आणि रीलकडची बाजू वर येते, म्हणजे क्रम उलटा. तसाच लांब कास्ट मारला तर खालची लाइन वरच्या वेटोळ्यांना घेऊनच उठते. म्हणून पहिला कास्ट जमेल तेवढाच टाकायचा, उरलेली लाइन हाताने बाहेर सोडायची आणि सगळी परत खेचून घ्यायची. आता जी शेवटी आत आली ती वर असते आणि तीच आधी बाहेर जाते. त्यानंतर बघा कशी सळसळत सुटते ते. मे महिन्यात पाणी गार असतं तेव्हा लाइनला रीलची वळणं तशीच राहतात, तर ती आधी दोघांनी मिळून किंवा गाडीच्या हुकला अडकवून ताणून घ्यायची, नाहीतर स्प्रिंगसारखी उड्या मारते आणि दोष मिळतो बास्केटला.

दोन्ही हातांनी खेचायचं असेल तर या वस्तूला पर्यायच नाही. रॉड काखेत दाबायचा, दोन्ही हात मोकळे आणि एकामागून एक हात चालवत लाइन सरळ टोपल्यात सोडायची. फ्लाय मध्ये थांबतच नाही. ऑगस्ट संपता संपता फॉल्स अल्बाकोर किनाऱ्याजवळ येतात तेव्हा बरेच जण असंच खेचतात, कारण तो मासा ट्यूनाच्या कुळातला आहे, पळणाऱ्या शिकारीवर तुटून पडतो. शिवाय मासा लागला की रॉड वर उचलायची ट्राउटवाल्यांची सवय असते ना, ती आपोआप मोडते, रॉड काखेत असल्यावर उचलणार काय? हाताने खेचूनच गळ बसवावा लागतो आणि स्ट्रायपरला तेच लागतं. मात्र अल्बाकोर लागल्यावर टोपल्यातली लाइन दोन-तीन सेकंदांत संपते आणि मग बॅकिंग (रीलवर लाइनच्या मागे गुंडाळलेली जादा दोरी) जायला लागतं, तेव्हा त्या दोन-तीन सेकंदांत जॅकेटची झिप, घड्याळ, बोट काहीही मध्ये येऊ देऊ नका.

आता तक्रारी. पट्टा एकदम फालतू दिलाय. बारीक, पाणी लागलं की सैल होत जाणारा, आणि त्याचं बकल थंड बोटांनी उघडत नाही. मी तो काढून वेडरचा (पाण्यात उतरायच्या वॉटरप्रूफ पँटचा) जुना रुंद पट्टा ओवला. सत्तर डॉलर घेता तर निदान पट्टा तरी धड द्या की राव.

दुसरं म्हणजे तळाची भोकं. काही बास्केटना असतात, काहींना नसतात, आणि यावर लोक तासन्‌तास वाद घालू शकतात. माझ्या बास्केटला आहेत. गुडघाभर पाण्यात उत्तम, लाट आत आली तरी निचरा होतो. कमरेएवढ्या पाण्यात गेलात की मात्र भोकांतून पाणी आत येतं आणि लाइन आत पोहायला लागते, सुळके असून नसल्यासारखे. बिनभोकाची असली तर ती तरंगते खरी, पण एक मोठी लाट आत आली की पोटाला बादली बांधल्यासारखं वाटतं. मला भोकंवाली बरी वाटते कारण केपच्या बाहेरच्या बाजूला मी खोल पाण्यात जातच नाही, तिथे सील भरपूर आणि सीलच्या मागे ग्रेट व्हाइट शार्क. गुडघ्याच्या वर पाणी नको, मासा गेला खड्ड्यात.

त्याच बाहेरच्या बीचवर मंग नावाचं तांबूस बारीक शेवाळ येतं, ते कधीकधी इतकं असतं की टोपल्यात लाइनबरोबर लगदा जमतो. त्याला कुठलीच बास्केट काही करू शकत नाही, जागा बदला.

वाऱ्याचं मी जास्त लिहीत नाही. पट्टा फिरवून टोपलं पुढून कमरेच्या बाजूला घेतलं की बरं पडतं, चालताना तर पाठीमागेच ढकलायचं. पण फ्लॅट्सवर चालताना पाठीमागे ढकललं तरी लक्ष भरतीकडे ठेवा, ब्रूस्टरला ओहोटीला जवळजवळ मैलभर वाळू उघडी पडते आणि पाणी परत येतं ते तुमच्या मागच्या खोलगट भागातून, धुकं असलं तर किनारा कुठल्या दिशेला तेही कळत नाही. होकायंत्र मी बास्केटच्या कडेलाच बांधून ठेवलंय.

अजून एक उपयोग, रुंद कडेवर फ्लाय अडकवता येतात. क्लाउझर आणि डिसीव्हर एवढे दोन प्रकार असले की बहुतेक दिवस निघतो, वाळूतले सँड ईल (बारीक लांबट मासे) असतील तर बारीक क्लाउझर आणि मोठं काही खात असतील तर डिसीव्हर. डिसीव्हरला तर 1991 मध्ये अमेरिकेच्या पोस्टाने तिकिटावर जागा दिलीय. ब्लूफिश आले असतील तर मात्र चांगल्या फ्लाय परत डबीत ठेवा आणि लीडरला तारेचा तुकडा लावा, ते दातांनी सगळं कापून नेतात. माप घ्यायला बास्केट लहान पडते, म्हणून 28 आणि 31 इंचाच्या खुणा मी रॉडवरच टेपने केल्यात. सध्या इथे 28 इंच ते 31 च्या आतलाच स्ट्रायपर ठेवता येतो, तोही माणशी दिवसाला एक. ऐंशीच्या दशकात हा मासा इतका घटला होता की मेरीलँडने 1985 ते 1990 त्याची मासेमारीच बंद ठेवली होती, त्यामुळे नियमांवर कुरकुर करणाऱ्यांशी माझं पटत नाही. मी तसेही सगळे सोडूनच देतो, पाण्यातल्या पाण्यात गळ काढून.

पैसे घालवायचे नसतील तर इथले जुने लोक करतात ते करा. भांडी धुवायचा प्लॅस्टिकचा टब, बंजी कॉर्ड आणि तळाला भोकं पाडून गवत कापायच्या मशिनची जाड नायलॉन दोरी उभी करून बसवायची. दहा-पंधरा डॉलरात होतं आणि काम नव्वद टक्के तेच करतं. फरक इतकाच की विकतच्या बास्केटला पोटाकडची बाजू वळणदार असते, टब पोटाला टोचतो, आणि रात्री तासन्‌तास उभं राहायचं तर ते टोचणं जाणवतं. मोठे स्ट्रायपर किनाऱ्याला येतात ते रात्रीच, ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडताना मुखाशी तोंड करून उभे राहतात, आणि अंधारात पायाशी लाइन कुठे आहे ते दिसत नाही, टोपल्यात हात घातला की कळतं.

घेतानाच दोन गोष्टी बघा. कडा गोल घासलेल्या हव्यात, धारदार असल्या तर लाइनचं कोटिंग सोलतं, आणि सुळके टोकदार नकोत. वापरून झालं की लाइनबरोबर बास्केटवरही गोडं पाणी मारा, बकलमध्ये मीठ आणि वाळू बसली की ते कायमचं जाम होतं.

बोटीवर मात्र ही नेऊ नका. कमरेला टोपलं बांधून हलत्या डेकवर वळता येत नाही. तिथे डेकवर ठेवायच्या उंच बादल्या मिळतात त्या घ्या, आणि आधी तळाला थोडं पाणी किंवा एखादं वजन टाका, नाहीतर पहिल्या झुळकीलाच बादली लाइनसकट पाण्यात.